फोटोला उठाव कशाने येतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला भाषणाचे आमंत्रण दिले ते एका अटीवर. "तुमच्या धंद्यातले सांगा, पण आम्हांला घरी जाऊन करून पाहता येईल असे सांगा," असे त्या म्हणाल्या. अट न्याय्य आहे. पाककृतीच्या व्याख्यानाला जशी चव लागते तशी फोटोच्या व्याख्यानाला नजर लागते, आणि ती आपल्या सर्वांकडे आहेच. मी लग्न होऊन पालघरात आले ती फोटोग्राफरच्या घरात. खाली दुकान, मागे डार्करूम, वर बिऱ्हाड. सकाळच्या पोळ्या झाल्या की मी खाली उतरे आणि तांबड्या दिव्याच्या उजेडात कॉप्या धुवायला लागे. तेव्हा जे मामंजींच्या हाताखाली शिकले आणि पुढे स्वतःच्या हाताने केले, त्यातली एकच गोष्ट आज सांगणार आहे.

तुम्ही फोटो हातात घेता आणि म्हणता, "छान आहे, पण उठाव नाही." धंद्यातली माणसे याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. पुस्तकी मराठीत कोणी विरोध म्हणेल, कोणी भेद म्हणेल. मला मात्र बायकांचा 'उठाव' हाच शब्द पटतो, कारण काय घडते ते त्यात बरोबर आले आहे. चेहरा कागदावरून उठून आपल्याकडे येतो. आणि तो उठतो ते त्याच्या स्वतःच्या उजळपणाने नव्हे, शेजारी जे आहे त्याच्या बळावर.

हे आपल्याला स्वयंपाकघरात ठाऊक आहे. पांढऱ्या बशीत दहीभात वाढला तर तो बिचारा दिसतच नाही. तोच केळीच्या पानावर वाढला की भूक लागते. अंगणात रांगोळी घालण्याआधी आपण सडा घालतो, सारवतो, गेरूचा पट्टा ओढतो, तो केवळ स्वच्छतेसाठी असतो का? कोरड्या धुळीवर पांढरी रांगोळी कितीही सुबक काढली तरी ती मिटून जाते.

आपल्या जिल्ह्यात तर याचा वस्तुपाठ घरोघरी भिंतीवर आहे. वारली लग्नघरात सुवासिनी चौक लिहितात. भिंत गेरूची, आणि वर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी, बांबूच्या काडीने लावलेले. रंग दोनच. नाक नाही, डोळे नाहीत, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस झाला. तरी तो माणूस नाचतो आहे की लाकूड फोडतो आहे हे दारातूनच कळते. १९७० नंतरच्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे भिंतीवरचे काम कागदावर नेले, जगभर पोहोचवले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. पण त्यांच्या आधी हे काम बायकांचे होते हे या सभेत मुद्दाम सांगते. पांढरा रंग उठावा म्हणून आधी भिंत तांबडी करायची, हे शहाणपण त्या बायकांना कोणा कलाशाळेने शिकवलेले नाही.

आता शास्त्राचे थोडे. फ्रान्समध्ये गोबलँ नावाचा एक जुना सरकारी विणकामाचा कारखाना आहे. तेथे रंगखात्यावर १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. विणकरांची तक्रार आली की काळे सूत फिके आहे, रंग कच्चा आहे. शेव्रल यांनी तपासले तेव्हा सूत उत्तम निघाले! दोष सुतात नव्हता, शेजारी विणलेल्या रंगांत होता. निळ्याजांभळ्या सुताशेजारी बसले की तेच काळे सूत मेंगळट दिसे. यावर त्यांनी पुढे विचार करून १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. कोणताही रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो, असे त्याचे सार सांगता येईल. आणि गंमत पाहा, हे गृहस्थ शंभर वर्षांचे झाले तेव्हा, १८८६ साली, पॅरिसचे प्रसिद्ध फोटोग्राफर नादार त्यांच्याशी गप्पा मारत बसले आणि नादारांच्या मुलाने त्या गप्पा चालू असताना फोटो काढले. रंगांच्या शेजारधर्माचा अभ्यास करणारा माणूस शेवटी काळ्यापांढऱ्या फोटोतच आपल्यापुढे उभा राहिला.

घरी करून पाहायचे असेल तर एका राखी कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक काळ्या परकरावर ठेवा, एक पांढऱ्या पंचावर. दोन्ही एकाच कागदाचे आहेत यावर घरातल्या कोणाचाही विश्वास बसणार नाही.

स्टुडिओत आम्ही हाच खेळ उजेडाने खेळतो. समजा, माणूस स्टुलावर बसला आहे. समोरून भरपूर उजेड टाकला तर चेहऱ्यावर सावली उरत नाही आणि चेहरा पोळपाटासारखा सपाट होतो. नाक किती उंच, डोळे किती खोल, हनुवटी कोठे संपते आणि गळा कोठे सुरू होतो, हे सांगणारी सावलीच असते. म्हणून मुख्य दिवा एका बाजूने, डोक्याहून थोडा उंच ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने हलका दिवा, नाहीतर नुसती पांढरी चादर उभी करायची. उजेडाच्या बाजूला सावलीच्या दुप्पट उजेड असला तर चेहरा सौम्य येतो; चौपट असला तर करारी येतो; आठपट झाला की दुसरी बाजू काळोखात बुडते. हे मोजायला यंत्र लागतेच असे नाही. दिवा दुप्पट लांब नेला की त्याचा उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणजे सारखेच दोन दिवे घेऊन उजवा तीन फुटांवर आणि डावा सहा फुटांवर ठेवला की चौपटीचा हिशेब झाला. मामंजींनी फरशीवर खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या आणि त्या मी रोज केर काढताना पुसू नयेत म्हणून मला रोज बजावत.

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रेम्ब्रांट नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याच्या चित्रांत सावलीच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण दिसतो. आजही फोटोग्राफर दिवा लावताना तो त्रिकोण शोधतात आणि त्या मांडणीला त्याचेच नाव देतात. आपल्याकडे हा उजेड घरोघरी माहीत झाला तो सिनेमामुळे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ साली दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला. नर्गिस, दिलीपकुमार, राज कपूर यांचे त्यांनी काढलेले काळेपांढरे फोटो पाहा. काळोखातून अर्धा चेहरा, केसांच्या कडेला रुपेरी रेघ, डोळ्यांत एक ठिपका. असे फोटो मासिकांत छापून आले की पालघरसारख्या गावातही मुले ते कापून खिशात घालून येत आणि "असा काढा" म्हणत.

मुले म्हणत, आजीबाई मात्र मुळीच ऐकत नसत. एका आजींचा फोटो मामंजींनी हौसेने असा काढला. सुरकुत्या, नथ, कपाळ, सगळे एका बाजूच्या उजेडात कोरल्यासारखे आले होते. आजींनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अर्धेच तोंड काढलेत, मग पैसेही अर्धेच घ्या." मामंजींनी अर्धे घेतले! नवराबायकोच्या फोटोत तर सावली अशुभच मानली जाई. म्हणून तुमच्या आईवडिलांचे लग्नानंतरचे फोटो सपाट उजेडात काढलेले दिसतात. त्यात फोटोग्राफरला कला येत नव्हती असे समजू नका.

या काळोखाशी धीटपणे खेळणारी एक बाई होऊन गेली, तिचे नाव जूलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, १८१५ सालचा. मुलाबाळांची, मोठ्या बारदानाची बाई. वयाच्या ४८व्या वर्षी लेकजावयाने विरंगुळा म्हणून कॅमेरा भेट दिला. तोवर तिला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. इंग्लंडमधल्या घरी तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. माणसाच्या खांद्यावर काळे कापड टाकायचे, मागे काळोख ठेवायचा आणि एका बाजूने उजेड घ्यायचा. हर्शेल या वृद्ध शास्त्रज्ञाचा १८६७ साली काढलेला तिचा फोटो पाहिला तर काळोखातून चंद्र वर यावा तसे ते पांढऱ्या केसांचे डोके वर आले आहे. फोटो थोडे अस्पष्ट असत म्हणून त्या काळच्या फोटोग्राफर मंडळींनी तिला नावे ठेवली. आज त्या नावे ठेवणाऱ्यांना कोणी ओळखत नाही. ४८व्या वर्षी, बरे का! आपल्या मंडळात चाळिशी उलटली की नवे काही शिकायला नको म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत.

आपल्याकडे बाईने स्टुडिओत जाऊन परक्या पुरुषापुढे बसायचे हीच अडचण होती. राजा दीनदयाळ यांनी ती ओळखून १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढला आणि केनी-लेव्हिक नावाच्या बाईंना तेथे नेमले. फोटो काढणारीही बाईच, म्हणून पडद्यातल्या बायका येत. मी दुकानात बसायला लागले तेव्हा आमच्याकडेही तसेच काहीसे झाले. सातपाटीच्या, केळव्या-माहीमच्या, चिंचणीच्या बायका आधी आत डोकावत आणि मी दिसले की मगच चपला काढत.

आता लुगड्याच्या रंगाचे. हे मी विस्ताराने सांगणार आहे, कारण यात आपला सर्वांचा जीव आहे.

जुन्या काळच्या फोटोच्या काचांना सगळे रंग दिसत नसत. त्यांना मुख्यतः निळा उजेड कळे. निळे ते पांढरे, आणि तांबडे-पिवळे ते काळे, असा त्यांचा न्याय. म्हणजे आकाशी लुगडे नेसलेली बाई फोटोत पांढरे नेसलेली दिसे आणि हळदी रंगाचा शालू काळाकुट्ट येई. कुंकू तर शाईच्या ठिपक्यासारखे. १८७३ साली बर्लिनच्या फोगेल नावाच्या शास्त्रज्ञाला काचेवरच्या थरात विशिष्ट रंग मिसळला की ती काच हिरवाही ओळखू लागते असे आढळले. तेथून पुढे एकेक रंग ओळखीचा होत गेला आणि १९०६च्या सुमारास सर्व रंग पाहणाऱ्या काचा बाजारात आल्या. पण त्यांनी नवेच कोडे घातले. विजेच्या पिवळसर दिव्यात तांबडा उजेड भरपूर असतो. त्यामुळे पूर्वी शाईसारखे येणारे कुंकू आता फिके येऊ लागले, ओठ तर पुसल्यासारखे. आमच्याकडे आरशापाशी गर्द मेणकुंकवाची डबी ठेवलेली असे. फोटोपुरते कुंकू गडद लावायचे, बाहेर जाताना पुसून आपले लावायचे.

आणि सगळ्यात मोठी फसगत काठांची. हिरव्या लुगड्याचा लाल काठ डोळ्यांना किती उठून दिसतो! पण काळ्यापांढऱ्या फोटोत तो हिरवा आणि तो लाल दोन्ही एकाच राखी रंगाचे येतात आणि काठ नाहीसा होतो. हौसेने नवे लुगडे नेसून आलेली बाई फोटो पाहून म्हणे, "माझा काठ कुठे गेला?" हिरव्या चुड्याची तीच गत. लाल पदरावर हात ठेवला की चुडा गेलाच. म्हणून आम्ही सांगत असू, काठ रंगाने निराळा नको, उजेडाने निराळा हवा. गर्द जांभळ्याला जरीचा काठ, फिक्या मोतिया रंगाला काळपट काठ. जरीवर उजेड चकाकतो म्हणून ती सहसा दगा देत नाही.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. त्यांचे माहेर कल्याणचे. आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, तोवर कल्याण आपल्याच जिल्ह्यात होते, म्हणून मी त्यांना आपल्याकडची माहेरवाशीणच समजते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका समारंभाच्या वेळचा हा फोटो आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पेहरावात बसल्या आहेत. आनंदीबाई वीस वर्षांच्या. तीन देश, तीन प्रकारची वस्त्रे, आणि तिघींच्या चेहऱ्यांवर एकच गंभीरपणा. पेहरावांच्या त्या विरोधामुळेच तो सारखेपणा डोळ्यांत भरतो. तिघींनी एकच पोशाख केला असता तर तो वर्गाचा फोटो झाला असता. आता विचार करा, आनंदीबाईंच्या लुगड्याचा रंग कोणता होता? त्या काळच्या बहुतेक काचा वर सांगितल्या तशा अर्ध्या आंधळ्या. आपल्याला जे गडद दिसते ते काळेच असेल असे नाही, तांबडेही असेल. आणि केवळ लुगडेच नव्हे. आपल्या सावळ्या, तांबूस कातडीतही तांबडा-पिवळा रंग जास्त, म्हणून त्या काचांवर आपल्या माणसांचे चेहरे होते त्याहून काळे उमटले. जुन्या फोटोंवरून "आमचे आजोबा फार काळे होते" असे जे म्हणतात त्यांनी आजोबांवर अन्याय करू नये, काचेवर करावा.

यावरून आले ते आमच्या धंद्यातले सर्वांत जुने मागणे. "जरा उजळ काढा हो."

मुलीला दाखवण्याचा फोटो काढायचा असला की आई दाराशी थांबून हळूच हे सांगून जाई. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक काम करतात त्याला रिटचिंग म्हणतात, आणि ते आमच्याकडे मी करी. निगेटिव्हवर जेथे शिसे चढवाल तेथे कॉपीवर उजळ येते. मुरूम, देवीचा व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळे आम्ही काढून टाकत असू. ती आज आहेत, उद्या नसतील. पण वर्णाला पेन्सिल लावायची नाही असा मामंजींचा दंडक होता. "फोटो पाहून माणसे येणार, आणि समोर मुलगी बसणार," ते म्हणत, "तिला त्या क्षणी काय वाटेल?"

बोईसरकडची एक मुलगी अशीच आईबरोबर आली होती. रंग काळासावळा, गालाची हाडे उंच, फार रेखीव चेहरा. आमचे उत्तर ऐकून आई तिला घेऊन दुसरीकडे गेली. तेथे तिला हवा तसा फोटो मिळाला. तो फोटो पाहून एक स्थळ आले, मुलगी समोर बसली, पाहुण्यांनी एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिले, आणि पोहे न संपवताच उठले. हे मला पुढे तिनेच सांगितले. दोनएक वर्षांनी ती एकटी आली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागली होती, पहिला नाही तरी दुसरा-तिसरा पगार असेल. म्हणाली, "कोणाला दाखवायचा नाही. मला हवाय."

तो फोटो कसा काढला ते सांगते. काळ्या चेहऱ्यावर समोरून उजेडाचा मारा केला तर चेहरा गोरा होत नाही, करडा होतो आणि त्यातले सारे रेखीवपण जाते. गोरी कातडी उजेड पसरवते. काळी कातडी उजेड परतवते, तिच्यावर चकाकी येते, पितळेच्या समईवर यावी तशी. म्हणून उजेड वाढवायचा नाही, मोठा करायचा. दिव्यापुढे पातळ मांजरपाटाचा पडदा लावला आणि तो बाजूला आणला, म्हणजे गालाच्या हाडावर उजेडाची लांब रेघ आली. मागे पांढरा पडदा होता तो काढून गडद तपकिरी लावला. मागून एक लहान दिवा खांद्यावर टाकला, म्हणजे काळे केस तपकिरीपासून सुटले. त्या तपकिरीपुढे तोच चेहरा दिवा लावल्यासारखा दिसू लागला. शेव्रलच्या सुताची गोष्ट येथेही तीच. तिला पांढऱ्या पडद्यापुढे बसवणाऱ्यांनीच तिला काळे केले होते.

कॉपी घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "माझी आजी अशी दिसायची." एवढेच. पैसे मोजून दिले आणि गेली.

वर्णाचे हे दुखणे आपल्यापुरते नाही. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापण्याच्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुन्याचे कार्ड पाठवी. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिली बाई कंपनीतच काम करणारी शर्ली नावाची होती, म्हणून त्याला शर्ली कार्डच म्हणू लागले. तिचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. काळी माणसे मग त्या मापात बसोत वा न बसोत. गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र फोटो काढला की काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसत. आयांनी तक्रारी केल्या, पण फिल्म सुधारण्यासाठी विशेष जोर लागला तो चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी सामानवाल्यांच्या तक्रारींचा. त्यांच्या जाहिरातींत निरनिराळ्या तपकिरी छटा वेगळ्या दिसेनात! पुढे सुधारणा झाली, कार्डावर निरनिराळ्या वर्णांच्या बाया आल्या. चॉकलेटला न्याय मिळाला तेव्हा माणसालाही थोडा मिळाला.

आता हे सर्व जुने झाले, हल्ली मोबाइल आहे, असे तुम्ही म्हणाल. मोबाइलने काम सोपे केले यात शंका नाही आणि मी स्वतः तो वापरते. पण कॅमेऱ्याची मूळ खोड तशीच आहे. समोर जे असेल ते मध्यम राखी आहे असे तो धरून चालतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहाल तर भिंत फार उजळ वाटून तो सगळाच फोटो मंद करतो आणि तुमचा चेहरा काळा येतो. काळ्या पडद्यापुढे उभ्या राहाल तर तो सगळे उजळवतो आणि चेहरा पिठासारखा पांढरा करतो. म्हणून पडद्यावर बोट टेकवताना ते चेहऱ्यावर टेकवावे, भिंतीवर नव्हे. पासपोर्टाला पांढरी पार्श्वभूमीच लागते, तेथे इलाज नाही. पण भिंतीला चिकटून उभे राहण्याचे कारण नाही. तीनचार फूट पुढे या, म्हणजे तुमचा उजेड निराळा आणि भिंतीचा निराळा. यंत्राने मागची भिंत बदलता येते हे खरे, आणि तीही युक्ती नवी नाही. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, त्यात माणसांचे फोटो निराळे काढून दुसऱ्याच देखाव्यांवर बसवले आहेत.

मोबाइलची दुसरी खोड अधिक वाईट. तो न विचारता चेहरा गुळगुळीत आणि गोरा करतो. मामंजींना निदान आईने येऊन सांगावे तरी लागे.

आणि यात नुकसान काय होते ते मी दुकानात फार वेळा पाहिले आहे. माणूस गेले की घरची मंडळी भिंतीवर लावायला मोठा फोटो करून मागतात आणि सोबत जे मिळेल ते आणतात. ओळखपत्राचा तुकडा, लग्नातल्या घोळक्यातला चेहरा, हल्ली मोबाइलमधला. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आपल्या आईचा मोबाइलमधला फोटो घेऊन आला. तो एकच होता. शेतावर राबलेली बाई, आणि फोटोत कपाळ आणि दोन्ही गाल कोऱ्या कागदासारखे पांढरे. तो म्हणाला, "आईच्या कपाळावर गोंदण होतं, तेवढं आणा." आम्ही पुष्कळ खटपट केली. सावलीत काही दडलेले असेल तर आजच्या यंत्राने थोडेफार ओढून काढता येते. पण जे उजेडाने जळून पांढरे झाले तेथे काहीच नोंदलेले नसते, तेथून आणायचे काय? शेवटी त्याने बोटाने कागदावर गोंदण काढून दाखवले, मधे एक ठिपका आणि भोवती चार. तसे हाताने रंगवून देऊ का, असे मी विचारले. तो नको म्हणाला. आहे तसाच फोटो मोठा करून घेऊन गेला.

म्हणून मी येथे बसलेल्या सर्वांना विनंती करते की घरी ज्या कोणी वृद्ध बाया आहेत त्यांचा एक फोटो या महिन्यात काढा. स्टुडिओत या असे सांगत नाही, तुमच्या ओटीवरच काढा. सकाळी नऊच्या सुमारास किंवा ऊन कलल्यावर. दारापासून दोन हात आत बसवा, तोंड दाराकडे सरळ नको, थोडे तिरके. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरा पंचा टाका. मागे जे काही असेल ते चेहऱ्याहून गडद असू द्या. घरातला आतला काळोख सर्वांत उत्तम आणि फुकट. पावसाळ्यातला ढगाळ उजेड तर आमच्या कोणत्याही दिव्याहून मऊ असतो. 'सुंदर करा' असे बटण मोबाइलमध्ये असेल तर ते आधी बंद करा. आणि त्यांना हसा म्हणू नका. काहीतरी विचारा, पाणी कोणत्या विहिरीचे आणत होता वगैरे, आणि उत्तर देऊन झाले की लगेच काढा.

रंगीत फोटोविषयी बोलायचे राहिले. त्यात काठ हरवत नाहीत एवढे सुख. बाकी सांगण्यासारखे मला थोडेच आहे. मागचा पडदा लुगड्याच्या रंगाचा नसावा आणि अंगावरच्या सर्व रंगांनी एकदम बोलू नये, इतके पुरे.

शेवटी आजच्या कामाचे. चार वाजता मंडळाचा सामुदायिक फोटो आहे आणि तो काढण्याचे माझ्याकडे आले आहे. मागची भिंत चुन्याची आहे, तिच्यावर मंडळाची निळी सतरंजी टांगायची आहे. दोघी उंच भगिनींनी मदतीला यावे. पांढऱ्या आणि मोतिया लुगड्यांच्या भगिनींनी एकत्र घोळका करून बसू नये, रांगेत विखरून बसावे, नाहीतर फोटोच्या मध्यभागी खिडकी उघडल्यासारखी दिसते. चष्मेवाल्यांनी मान किंचित खाली घ्यावी. गोऱ्या पुढे आणि काळ्या मागे अशी चेष्टा मागच्या वर्षी झाली, ती या वर्षी चालणार नाही. उंचीप्रमाणेच उभे राहायचे आहे. चहा त्याआधी उरकून घ्यावा, कारण साडेचारला ऊन पायऱ्यांवर तिरके येते आणि मग पहिल्या रांगेचे गुडघे उजेडात अन् चेहरे सावलीत जातात.